हिंगणघाट येथील एक कबर

मलकापूरहून नागपूरकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे डाव्या हातास सातपुड्याची निळसर रांग आपली सोबत करूं लागते. शेगांव, अकोला, बडनेरा हीं स्टेशनें मागें पडतात, वर्धा येतें, आणि तेथून दक्षिणेस बल्लारशाहकडे जाणाऱ्या मार्गावर थोडें पुढें गेलें कीं हिंगणघाट लागतें. हिंगणघाट म्हटलें कीं आमच्याकडील माणसास प्रथम कापूस आठवतो. येथील कापसाची कीर्ति एके काळीं सातासमुद्रापलीकडे पोहोंचली होती. परंतु वणा नदीकांठच्या ह्या गांवीं कापसाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची कीर्ति मात्र गांवाच्या वेशीपलीकडे फारशी गेलेली नाहीं. ती म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याची कबर. त्याचें नांव लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. २० जानेवारी १८२३ रोजीं हैदराबादेहून नागपुरास जात असतां वाटेंतच त्याचा येथें अंत झाला.

जगांतील सर्वांत उंच शिखरास ज्याचें नांव इंग्रजांनीं दिलें तो एव्हरेस्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण ज्या लॅम्बटनाच्या हाताखालीं हा एव्हरेस्ट शिकला, ज्यानें हिंदुस्थानच्या मोजणीचा पहिला त्रिकोण आंखला, त्याचें नांव शाळेंतल्या भूगोलांत क्वचितच भेटतें. तो कोठून आला, त्यानें काय केलें, आणि त्याच्या कबरेपुढें उभे राहून आपण कोणता विचार करावा, हें आज पाहावयाचें आहे.

लॅम्बटनाचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत एका सामान्य शेतकरी कुटुंबांत झाला. घरची स्थिति बेताची, परंतु गणिताची बुद्धि तीव्र. १७८१ मध्यें तो लष्करांत अगदीं खालच्या अधिकाऱ्याच्या जागीं लागला आणि लौकरच तेहतिसाव्या पायदळ पलटणींत दाखल झाला. ह्या पलटणीचा आंकडा लक्षांत ठेवावा. आपल्या कथेंत तो पुन्हां येणार आहे.

त्या वेळीं अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध उभारलेलें स्वातंत्र्ययुद्ध संपत आलें होतें. युद्धांत इंग्लंडच्या राजाची बाजू धरणारीं हजारों कुटुंबें घरदार सोडून उत्तरेकडे निघून आलीं, आणि त्यांच्यासाठीं १७८४ मध्यें न्यू ब्रन्झविक नांवाचा स्वतंत्र प्रांत स्थापन झाला. हा प्रांत पुढें १८६७ मध्यें कॅनडाच्या संघराज्यांत सामील झाला. ह्या रानावनाच्या, सहा महिने बर्फानें झांकलेल्या मुलखांत लॅम्बटनाच्या आयुष्याचीं बारा-तेरा वर्षें गेलीं. बराकींची व्यवस्था पाहणें हें त्याचें नेमून दिलेलें काम. त्याशिवाय नव्यानें आलेल्या कुटुंबांस जमिनी आंखून देणें, ब्रिटिश मुलूख व नवें अमेरिकन राष्ट्र यांच्यामधील सीमा मोजणें, हींहि कामें त्याच्याकडे आलीं. उरलेल्या वेळांत त्यानें एकट्यानें गणिताचे व ज्योतिषाचे ग्रंथ पचविले. एका सूर्यग्रहणाचा वेध घेत असतां त्याच्या एका डोळ्यास कायमची इजा झाली असें सांगतात. लॅम्बटन जन्मानें कॅनडाचा नव्हे. परंतु शिपायाचा मोजणीदार झाला तो कॅनडाच्या त्या अरण्यांत. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातींत जो विसावला, त्याची विद्या त्या बर्फाळ देशांतून आलेली होती.

सरकारनें पुढें असा नियम केला कीं, लष्करी अधिकाऱ्यानें मुलकी जागा तरी सोडावी किंवा पलटणींतील जागा तरी सोडावी. लॅम्बटनानें पलटण पत्करली आणि १७९७ च्या सुमारास तो कलकत्त्यास आपल्या तेहतिसाव्या पलटणींत रुजू झाला. पलटणीचा मुख्य होता कर्नल आर्थर वेलस्ली. पुढें वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पाडाव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

१७९९ मध्यें टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेंत लॅम्बटनाच्या विद्येची एकदां लष्करांत चांगलीच प्रचीति आली. श्रीरंगपट्टणानजीक जनरल बेअर्ड हा रात्रीच्या अंधारांत एक तुकडी घेऊन आपल्या तळाकडे परतत होता. लॅम्बटनानें आकाशाकडे पाहिलें आणि सेनापतीस सांगितलें कीं, आपण दक्षिणेस न जातां उत्तरेस, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चाललों आहों. सेनापतीस राग आला. नक्षत्रें पाहून वाट सांगणारा हा कोण? शेवटीं दिवा आणून होकायंत्र पाहिलें, आणि नक्षत्रेंच खरीं ठरलीं. ह्या प्रसंगाचें मर्म एवढेंच कीं, ज्या देशांत ही फौज लढत होती त्या देशाचा विश्वसनीय नकाशाच तिच्यापाशीं नव्हता.

ही उणीव किती मोठी होती हें पाहण्यास दूर जावयास नको. १८०३ च्या जून महिन्यांत मलकापूरनजीक बोदवड येथें दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची भेट झाली व इंग्रजांशीं युद्ध जवळजवळ अटळ झालें. त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं असईच्या रणांत वेलस्लीपुढें केळणा नदी आडवी आली. वाटाड्यांनीं सांगितलें, येथें उतार नाहीं. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें वसलेलीं वेलस्लीनें पाहिलीं, आणि जेथें अशीं दोन गांवें आहेत तेथें त्यांच्यामध्यें येण्याजाण्याचा उतार असलाच पाहिजे असें अनुमान केलें. अनुमान खरें निघालें आणि पिंपळगांवच्या उतारानें त्याची फौज पार झाली. दोन महिन्यांनीं, २९ नोव्हेंबर रोजीं, अकोल्याच्या उत्तरेस अडगांव येथें दुसरें युद्ध झालें, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वऱ्हाडचें भवितव्य ठरविणारी ही मोहीम नकाशाऐवजीं अशा तर्कावर चालली होती. लॅम्बटनाच्या कल्पनेस वेलस्लीनें मनापासून पाठिंबा कां दिला, हें यावरून सहज उमगेल.

टिपूच्या पाडावानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस लॅम्बटनानें आपली योजना मांडली. द्वीपकल्पाच्या पूर्वकिनाऱ्यापासून पश्चिमकिनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड माळ गुंफावयाची, आणि तिच्या आधारानें प्रत्येक महत्त्वाच्या गांवाचें, डोंगराचें व नदीचें स्थान निश्चित करावयाचें. मद्रासच्या सरकारनें १८०० सालीं तिला संमति दिली. तरी सर्वांसच हें रुचलें नाहीं. खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या एका सभासदानें असा आक्षेप घेतला कीं, श्रीरंगपट्टणास जावयाचें असेल तर पालखीच्या भोयांस तसें सांगावें, ते बिनचूक नेऊन पोहोंचवितील. त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न वरवर हास्यास्पद वाटला तरी पुष्कळ शहाण्या माणसांच्या मनांत तो असतो. वाट माहीत असणें आणि स्थान माहीत असणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

त्रिकोणाची ही युक्ति समजण्यास शाळेंतील भूमिति पुरे आहे. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांवरचे कोन ठाऊक असले कीं उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात. म्हणून सपाट जमिनीवर प्रथम एक सरळ रेषा प्रत्यक्ष मोजावयाची. तिला पायारेषा म्हणूं. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील निशाणाचा कोन घ्यावयाचा. पहिला त्रिकोण पुरा झाला. आतां त्याची प्रत्येक बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. अशा रीतीनें डोंगरावरून डोंगरावर पाऊल टाकीत, मधल्या नद्या, रानें व दऱ्या पायांखालीं न घालतां शेंकडों मैलांचें अंतर हिशेबानें काढतां येतें. पण ह्यांत एक धोका आहे. पहिली रेषा जर तिळभर चुकली, तर ती चूक प्रत्येक त्रिकोणाबरोबर वाढत जाऊन शेवटीं पर्वताएवढी होते. म्हणून सारी मदार त्या पहिल्या रेषेवर.

ती रेषा १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या परिसरांत मोजावयास घेतली. मोजण्याची साखळी पोलादाची, शंभर फूट लांबीची होती. इंग्लंडच्या राजानें चीनच्या बादशहास पाठविलेल्या नजराण्यांत ती होती. बादशहानें ती नाकारल्यामुळें फिरत फिरत हिंदुस्थानांत आली. साखळी जमिनीवर नुसती ओढून भागत नसे. लांकडी पेट्यांची ओळ तिवयांवर अगदीं समपातळींत मांडावयाची, साखळी त्या पेट्यांत ठेवून ताणावयाची, वर तंबू धरून तिला ऊन लागूं द्यावयाचें नाहीं, आणि तरीहि उष्णतेनें पोलाद किती वाढलें हें उष्णतामापकावर पाहून तेवढी वजावाट करावयाची. ही साखळी सुमारें चारशें वेळां उचलून पुढें मांडावी लागली, आणि साडेसात मैलांची ती रेषा मोजण्यास सत्तावन्न दिवस लागले. हे दिवस मद्रासच्या ऐन उन्हाळ्याचे होते!

पुढें त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे निघाली. १८०४ सालीं बंगलोरजवळ पडताळ्यासाठीं दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजली, आणि मद्रासपासून गणितानें आणलेल्या लांबीशीं ती ताडून पाहिली. सात मैलांच्या रेषेंत दोहोंमधील फरक चार इंचांहूनहि कमी निघाला. माळ मंगळूरच्या किनाऱ्यास भिडली तेव्हां असें आढळून आलें कीं, जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची रुंदी तेथें चारशें मैल दाखविली होती, ती वास्तविक तीनशें साठच आहे. म्हणजे चाळीस मैलांची भूमि कागदावर होती, पृथ्वीवर नव्हती!

कोन मोजण्याचें मुख्य यंत्र जो थिओडोलाइट, तो विल्यम कॅरी ह्या कारागिरानें लंडनमध्यें मुद्दाम तयार केला होता. त्याच्या आडव्या चक्राचा व्यास तीन फूट आणि वजन सुमारें अर्धा टन; तो उचलण्यास बारा माणसें लागत. हिंदुस्थानास येत असतां हें यंत्र फ्रेंचांच्या हातीं सांपडून मॉरिशसला गेलें. इंग्रज व फ्रेंच यांचें त्या वेळीं हाडवैर. तरीहि हें शास्त्राचें साधन आहे असें पाहून तेथील फ्रेंच गव्हर्नरानें तें सन्मानपूर्वक मद्रासला धाडून दिलें. लढणाऱ्या राष्ट्रांनाहि ज्ञानाची एक समाईक मर्यादा पाळतां येते, याचें हें एक लोभस उदाहरण आहे.

१८०८ सालीं तंजावर येथें ह्याच यंत्रावर मोठा अनर्थ ओढवला. भोंवतालीं सपाट प्रदेश, दूरवर पाहण्यास टेकडी नाहीं, म्हणून देवळाच्या उंच शिखरावर यंत्र चढवीत असतां दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचें चक्र वांकडें झालें. दुसरा कोणी असता तर त्यानें विलायतेस पत्र लिहून दोन वर्षें वाट पाहिली असती. लॅम्बटन यंत्र घेऊन तंबूंत शिरला. काहीं निवडक कारागिरांखेरीज कोणास आंत येऊं दिलें नाहीं. सपाट फळीवर मूळच्या मापाचें वर्तुळ काढून, पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्यानें तें चक्र केसाकेसानें ओढून त्यानें पूर्ववत् आणलें. ह्या कामीं सहा आठवडे गेले, आणि पुढें कितीक वर्षें त्याच यंत्रानें मोजणी चालली.

कोणी विचारील, नकाशासाठीं एवढी सूक्ष्मता कशास? त्याचें उत्तर असें कीं लॅम्बटनाची दृष्टि नकाशाच्या पलीकडे होती. पृथ्वी पुरती गोल नाहीं, ध्रुवांपाशीं ती किंचित् चपटी आहे. म्हणून उत्तर-दक्षिण रेषेवर अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जावें तसतशी ती थोडथोडी वाढत जाते. ही वाढ नेमकी किती, हें कळलें तर पृथ्वीचा आकार कळेल. युरोपांत ह्या मोजण्या झाल्या होत्या, परंतु विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांतील लांब रेषेची मोठी वाण होती. लॅम्बटनानें अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांची दुसरी माळ चढवीत नेली. ठराविक ठिकाणीं रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरवावयाचा, आणि दोन ठिकाणांमधील अंतर त्रिकोणांनीं काढावयाचें, ही त्याची रीति. १८१५ मध्यें बेदरजवळ नवी पायारेषा मोजली गेली, तेव्हां जवळजवळ दहा अंशांची कमान पुरी झाली होती. एकंदर १,६५,३४२ चौरस मैलांचा प्रदेश त्याच्या देखरेखीखालीं त्रिकोणांत बसला. १८१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें, आणि पॅरिसच्या विज्ञानपरिषदेनेंहि पत्रव्यवहारी सभासदत्वाचा मान दिला. १८१८ च्या आरंभापासून हें काम गव्हर्नर जनरलच्या खास अधिकाराखालीं आलें, आणि जॉर्ज एव्हरेस्ट याची मुख्य साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

एव्हरेस्ट प्रथम भेटला तेव्हां लॅम्बटन थकला होता. एरवीं शांत, मितभाषी, कांहींसा भोळा दिसणारा हा वृद्ध यंत्रापाशीं उभा राहिला कीं त्याच्या अंगांत तरुणाचें बळ संचारत असे, अशी त्याच्या ह्या शिष्याची साक्ष आहे. विलायतेस परत जाण्याची त्यानें इच्छाच धरली नाहीं. त्याचा संसार येथेंच झाला, त्याचीं मुलें हिंदी आयांच्या पोटीं येथेंच जन्मलीं, आणि मद्रासच्या मोजणीशाळेंतून घेतलेले जोशुआ डी पेनिंगसारखे साहाय्यक हेंच त्याचें गणगोत बनलें होतें.

१८२२ सरतां सरतां त्यानें हैदराबादचा मुक्काम हलवून नागपुरास नेण्याचें ठरविलें. नागपूरच्या गादीवर त्या वेळीं अल्पवयी रघूजी होता व कारभार इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स पाहत होता. कमान आतां गोदावरी ओलांडून उत्तरेकडे न्यावयाची होती. वय सत्तरीच्या आसपास आलेलें, छातींत क्षय भिनलेला; तरीहि लॅम्बटन लवाजम्यासह निघाला. निम्म्याहून अधिक वाट सरली, नागपूर थोड्या मजलांवर आलें, आणि हिंगणघाटच्या मुक्कामीं त्याचे श्वास संपले. वीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांच्या गांवांचीं स्थानें निश्चित केलीं, त्याचें स्वतःचें शेवटचें स्थान हें असें वाटेवर, अनपेक्षितपणें निश्चित झालें.

काम थांबलें नाहीं. एव्हरेस्टनें तें हातीं घेऊन वऱ्हाडांतून उत्तरेकडे रेटलें. वऱ्हाडांतील टाकळखेडा येथें ताऱ्यांचे वेध घेतांना त्यास एक विलक्षण शंका आली. उत्तरेकडील डोंगरांचें प्रचंड वस्तुमान आपल्या ओळंब्यास किंचित् आपल्याकडे खेंचीत तर नाहीं? ओळंबा सरळ नसेल तर त्यावर आधारलेला अक्षांशहि खरा नव्हे. मलकापूरपासून अचलपूरपर्यंतच्या लोकांस रोज क्षितिजावर दिसणारा सातपुडा असा पृथ्वीच्या आकाराच्या वादांत साक्षीदार म्हणून उभा राहिला! १८३० सालीं एव्हरेस्टनें पृथ्वीच्या आकाराचें जें मान प्रसिद्ध केलें, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे दीडशेंहून अधिक वर्षें आधारले गेले. कमान १८४१ मध्यें हिमालयाच्या पायथ्याशीं पोहोंचली. तेथून पुढें घेतलेल्या वेधांवरून, राधानाथ सिकदार ह्या बंगाली गणितज्ञाच्या आंकडेमोडीच्या आधारें, १८५६ सालीं एका शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचें जाहीर झालें. आणि १८६५ मध्यें त्यास एव्हरेस्टचें नांव मिळालें. गंमत ही कीं स्वतः एव्हरेस्टनें ह्या नामकरणास हरकत घेतली होती. शिष्याच्या वांट्यास पर्वत आला, गुरूच्या वांट्यास हिंगणघाटची साडेतीन हात जमीन.

आतां त्या तेहतिसाव्या पलटणीकडे पुन्हां वळूं. लॅम्बटनानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीं ह्याच पलटणीचा मुख्य झाला तो खरोखर कॅनडांत जन्मलेला एक कर्नल. त्याचें नांव अलेक्झांडर रॉबर्ट्स डन. १८३३ मध्यें यॉर्क येथें, म्हणजे आजच्या टोरांटो शहरीं, त्याचा जन्म झाला. बाप त्या प्रांताचा खजिनदार. हा सवासहा फूट उंचीचा जवान क्रिमियाच्या युद्धांत घोडदळांत होता. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं बॅलाक्लाव्हा येथें चुकीच्या हुकुमामुळें रशियन तोफांच्या तोंडीं गेलेल्या घोडदळाची कथा प्रसिद्ध आहे. त्या कल्लोळांत डननें आपल्या दोन सैनिकांच्या बचावासाठीं शत्रूंच्या अंगावर घोडा घातला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा तो पहिला कॅनडावासी होय. पुढें त्यानें कॅनडांतील लोकांची एक पलटण उभी करण्यास साहाय्य केलें, आणि १८६४ मध्यें बदलून तो तेहतिसाव्या पलटणींत आला. ही पलटण मुंबई इलाख्यांत होती.

१८६७ हें वर्ष मोठें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं कॅनडाचें संघराज्य जन्मास आलें, त्याच वर्षीं मुंबईची आगगाडी मलकापूरवरून नागपुरास पोहोंचली, आणि त्याच वर्षीं मुंबईचा सेनापति सर रॉबर्ट नेपियर याच्या हाताखालीं ॲबिसिनियावर मोहीम निघाली. तेथील राजा थिओडोर यानें इंग्रजांचा वकील व इतर युरोपियन कैदेंत ठेवले होते. सुमारें तेरा हजारांची ती फौज, त्यांत मुंबई इलाख्याचें देशी पायदळ, सुरुंगवाले, खच्चरवाले, आणि मुंबईहून जहाजांत चढविलेले चव्वेचाळीस हत्ती! फौज किनाऱ्यावरून सेनाफे येथील पठारावर चढली, आणि तेथें २५ जानेवारी १८६८ रोजीं शिकारीस गेला असतां स्वतःचीच बंदूक उडून कर्नल डन ठार झाला. वय अवघें चौतीस. घातपाताच्या व आत्महत्येच्या वावड्या उठल्या; अधिकृत निर्णय अपघाताचा झाला. त्याच्या पलटणीनें पुढें १३ एप्रिलला मॅग्दालाचा किल्ला सर केला. सेनाफे आज इरिट्रिया देशांत आहे. डनची कबर तेथें दीर्घकाळ विस्मृतींत पडून होती. १९४५ च्या सुमारास तिचा पुन्हां शोध लागला, आणि २००१ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेंत तेथें गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांनीं तिची डागडुजी केली.

एकाच पलटणीचे हे दोन अधिकारी. एक कॅनडांत विद्या मिळवून आमच्या मुलखांत विसावला. दुसरा कॅनडांत जन्मून, मुंबईच्या फौजेबरोबर जाऊन आफ्रिकेंत विसावला. डनच्या कबरेस अखेर त्याच्या देशबांधवांचे हात लागले, कारण कॅनडास तो आपला पहिला वीर वाटतो. लॅम्बटनास तसें हक्कानें आपला म्हणणारें कोण? इंग्लंडला तो दूरचा. कॅनडाच्या दृष्टीनें तो येऊन गेलेला. आणि आम्हांस तो जिंकणाऱ्यांच्या फौजेंतला. असा मनुष्य तीन देशांचा असून कोणाचाच राहत नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. ही मोजणी इंग्रजांनीं कोणासाठीं केली? फौजा हलविण्यासाठीं, मुलूख ताब्यांत ठेवण्यासाठीं, सारा वसूल करण्यासाठीं. मग तिच्या कर्त्याच्या कबरेची आम्हीं कां काळजी करावी? आक्षेप खरा आहे. मोजणीचा खर्च कंपनीनें धर्मार्थ केला नाहीं. परंतु मापाचा एक गुण असा आहे कीं तें धन्याशीं इमान राखीत नाहीं. ज्या त्रिकोणांवर कंपनीच्या फौजेचे नकाशे उभे राहिले, त्यांच्यावरच पुढें आमचे कालवे, धरणें व जिल्ह्यांच्या हद्दी उभ्या राहिल्या. राज्य गेलें; मंगळूर मद्रासपासून तीनशें साठ मैल आहे हें सत्य कायम राहिलें.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तो अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरावर कोणी चढविला? निशाण घेऊन दिवस दिवस शिखरावर कोण उभे राहिले? साखळी चारशें वेळां कोणी उचलली? रानांतील तापानें लवाजम्यांतील कितीक माणसें दगावलीं, कितीकांस वाघांनीं नेलें. हे सारे खलाशी, झेंडेवाले, भोई, हरकारे ह्याच देशाचे होते. त्यांच्या नांवानें कोठें दगड नाहीं. त्यांचें स्मारक शोधावयाचें झालें तर तें लॅम्बटनाच्या कबरेजवळच शोधावें लागेल. कारण तेथें निजलेल्या मनुष्याचें काम हें त्यांच्याहि खांद्यांचें काम आहे. ती कबर पडूं दिली तर एका परक्या कर्नलाची आठवण पुसली जाईल, हें तर खरेंच. पण तिच्याबरोबर आमच्याच शेंकडों अनामिक माणसांच्या श्रमाची शेवटची खूणहि जाईल.

यासाठीं फार मोठ्या खटाटोपाची गरज नाहीं. वर्धा, नागपूर, अकोला, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतील शाळांनीं भूमितीचा त्रिकोण शिकवितांना मुलांस एक दिवस माळावर न्यावें, शंभर फुटांच्या दोरीनें एक पायारेषा मोजवावी, आणि दूरच्या देवळाच्या कळसाचें अंतर पाऊल न टाकतां काढवून घ्यावें. उत्तर जुळलें म्हणजे त्यांच्या डोळ्यांत जी चमक दिसेल, तिचेंच नांव विद्या. मग त्यांस सांगावें कीं, हाच हिशेब कन्याकुमारीपासून करीत आलेला एक म्हातारा हिंगणघाटास थांबला, आणि त्याच्याबरोबर आलेले आपले लोक तेथून यंत्र खांद्यावर घेऊन पुढें निघाले.